सांगायला येणाऱ्यासाठी पाणी

अप्पा,

मागच्या शनिवारी मी माझ्याच घराच्या मागच्या दाराने पळून गेले. अनवाणी, गॅसवर शेंगदाणे तसेच ठेवून. एकोणसत्तर वर्षांची बाई मी, दोन्ही गुडघे रोज कुरकुरणारे, पण अशी भराभर चालले की शेजाऱ्यांचा कुत्रासुद्धा भुंकायचं सोडून बघत राहिला. तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण अशा पळून जाणाऱ्या एका बाईवरून मी तुमची बोलणी खाल्ली होती. तुम्ही माझ्यावर रागावल्याचं मला आठवतं ते तेवढं एकदाच. ती बाई या आठवड्यात सारखी माझ्या डोळ्यांपुढे येते आहे.

तुम्ही गेलात तेव्हा मी तेरा वर्षांची होते, त्यामुळे पुढचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. लग्न होऊन मी अमेरिकेत आले. नोकरी केली, घर केलं. ज्यांना तुम्ही कधी पाहिलं नाहीत ते तुमचे जावई काही वर्षांपूर्वी गेले. आता मी वॉशिंग्टनजवळ अ‍ॅशबर्नला एका टाउनहाउसमध्ये एकटी असते. मागे पायवाट आहे, तळं आहे, आणि तळ्यापलीकडे बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती आहेत, ज्यांच्यात जगभरातले कॉम्प्युटर अखंड घुमत असतात. त्या घुमण्याची मला सवय झाली आहे. विमानाच्या आवाजाची मात्र अजून झालेली नाही. इथून विमानतळ जवळ आहे, आणि डोक्यावरून गेलेलं विमान उतरेपर्यंत माझा एक कान तिकडेच असतो. ही खोड तुमच्या घरातली. आणि तुमची नात इथल्या हवाई दलात फायटर पायलट आहे. हे एवढं साधं वाक्य, पण लिहून झाल्यावर मी उठून एक फेरी मारून आले.

उत्तर भारतातल्या हवाई दलाच्या त्या स्टेशनवर आपली बंगल्यांची एक रांग होती, समोर बाभळी आणि मागे मोहरीची शेतं. तुमची जेट विमानं देशाला नवी होती, ती उडवणारेही नवे. सगळी विशी-पंचविशीतली पोरं, आणि त्यांच्यात तुम्ही तिशी ओलांडलेले म्हणून वडीलधारे. त्या यंत्रांच्या खोड्या अजून कुणाला पुरत्या कळलेल्या नव्हत्या. एखादी खोड कळायची ती कुणीतरी गेल्यावरच. लढाई नसतानाही माणसं जायची. सकाळी आपल्या ओट्याशी उभं राहून आईच्या हातचा उपमा खाऊन गेलेला माणूस दुपारी नसायचा, आणि दुसऱ्या सकाळी उरलेले पुन्हा त्याच विमानांत चढायचे. लोक त्याला शौर्य म्हणतात, इथे तर जरा जास्तच मोठ्याने म्हणतात. आई म्हणायची, सकाळ झाली की जावं लागतं, दुसरं काय करणार. मला वाटतं दोघांचंही बरोबर असावं, पण तुमच्या तोंडून मी तो शब्द कधीच ऐकला नाही.

एखादं विमान परतलं नाही की रांगेतल्या बायकांना आवाजावरून कळायचंच. त्या आत जाऊन दारं लोटून घ्यायच्या. मग जीप यायची. रांगेच्या एका टोकाकडून, अगदी हळू. तिच्यात तुम्ही बसलेले असायचात, कारण असल्या कामाला नेहमी तुम्हालाच पाठवायचे. तुमचा आवाज मऊ होता म्हणे. ज्या दारावरून जीप न थांबता पुढे जाई ते दार उघडायचं, आतली बाई पदर खोचून बाहेर यायची आणि जीपच्या मागून चालायला लागायची. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. शेवटी जीप जिथे थांबायची तिथे दार उघडणारीला समोर तुम्ही दिसायचात आणि तुमच्या मागे आख्खी रांग उभी असायची. आपलं घर दुसरं होतं, त्यामुळे आई लवकर बाहेर यायची. तिला काय वाटतं, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, आधी सुटल्यासारखं वाटतं, मग त्याची लाज वाटते, म्हणून चालायचं.

तुमचा एक इस्त्रीचा गणवेश आई खास या कामासाठी तुमच्या ऑफिसात ठेवायला द्यायची. घामेजलेल्या, तेलाचा वास येणाऱ्या कपड्यांत असं काही सांगायला जायचं नाही, हा तुमचा नियम. संध्याकाळी तुम्ही घरी यायचात आणि बूटही न काढता स्वयंपाकघरात येऊन उभे राहायचात. आई तांब्या-फुलपात्र पुढे करायची आणि तुम्ही एका दमात पाणी संपवायचात. सांगणाऱ्याचा घसा फार कोरडा पडतो, असं तुम्ही एकदा म्हणालात. आणि त्या घरात पाणी मागता येत नाही.

रांगेच्या शेवटच्या घरात एक नवी नवरी आली होती. माझ्यापेक्षा फार तर आठ-नऊ वर्षांनी मोठी असेल. ती माझ्या वेण्या घालून द्यायची आणि आपल्या रिबिनी मला देऊन टाकायची. एका दुपारी जीप एकेक दार मागे टाकत तिच्या दाराशी जाऊन थांबली. तुम्ही दार वाजवलं, पुन्हा वाजवलं. मी गच्चीवर होते, मला मागची बाजू दिसत होती. ती मागच्या दाराने निघाली होती आणि मोहरीतून सरळ चालली होती. धावत नव्हती, बाजारात निघाल्यासारखी चालली होती. तुम्ही घराला वळसा घालून मागे आलात, तिला पाहिलंत, आणि तुम्हीही बांधावरून चालायला लागलात. हाक मारली नाहीत, पावलांचा वेगही वाढवला नाहीत. दोघांमधलं अंतर तेवढंच राहिलं. पिवळ्या शेतात ती पुढे आणि टोपी हातात धरून तुम्ही मागे, असे कितीतरी वेळ. मग ती एका पाटाच्या कडेला बसली. तुम्ही जाऊन तिच्याशेजारी मातीत बसलात, त्या इस्त्रीच्या कपड्यांत.

त्या संध्याकाळी जेवताना मी तिला पळपुटी म्हटलं. बारा वर्षांच्या मुलीला काय, गच्चीवरून पाहिलं होतं त्याचा तोरा होता. तुम्ही ताटावरचा हात उचललात. मला वाटलं मारणार, पण तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलंत.

"हा शब्द या घरात पुन्हा नको," तुम्ही म्हणालात. "मी सांगेपर्यंत तिचा नवरा जिवंत होता. तेवढा वेळ तिचा होता. तो काढून घेण्याची मला घाई नव्हती."

मी खाली मान घालून बसले. थोड्या वेळाने आईने विचारलं, काय सांगितलंत तिला. तुम्ही म्हणालात, नेहमी सांगतो तेच. खाली गाव होतं, त्याने विमान गावावरून पुढे नेलं, म्हणून त्याला स्वतःला बाहेर पडायला वेळ उरला नाही. आईने पोळी वाढायची थांबवून विचारलं, हे खरं आहे का.

"दोनदा खरं होतं," तुम्ही म्हणालात. "बाकीच्या वेळी मला माहीत नसतं."

मग तुम्ही ताक मागितलंत आणि विषय संपला. मी वर बघितलं तेव्हा आई अजून तुमच्याकडेच बघत होती.

पुढच्या हिवाळ्यात जीप आपल्या दाराशी थांबली. आपलं घर दुसरं, त्यामुळे जीपच्या मागे फक्त पहिल्या घरातली बाई होती. बाकीची दारं अजून बंद होती, आणि त्या बंद दारांमागे सगळ्या जणी अजून आपापल्या नवऱ्यांसाठी जीव मुठीत धरून बसल्या होत्या. हे मला तेव्हासुद्धा फार विचित्र वाटलं. जीपमधून तुमच्याच हाताखालचा एक तरुण अधिकारी उतरला. एक-दोनदा तुम्ही त्याला बरोबर नेलं होतंत, काम समजावं म्हणून. आईने त्याला दार वाजवू दिलं नाही. ते आधीच उघडून ती उभी होती. त्याचा चेहरा बघितला, आत वळली, आणि फुलपात्रात पाणी घेऊन आली. "आधी पाणी घ्या," ती म्हणाली. तो ते हातात धरून नुसता उभा राहिला, मग प्यायला. आणि मग त्याने सांगितलं. खाली गाव होतं, त्यांनी विमान गावावरून पुढे नेलं.

आईने मान हलवली, ओळखीच्या गावाचं नाव निघाल्यावर हलवतात तशी. तिने त्याला पुढे काहीच विचारलं नाही. मागाहून दारं उघडली, बायका आल्या, घर भरलं. तेच वाक्य वर्तमानपत्रात छापून आलं, शाळेत आमच्या बाई ते वाचून दाखवताना रडल्या. ते वाक्य कुठून आलंय हे आई आणि मी, आम्ही दोघीच जाणत होतो, आणि आई जिवंत होती तोवर आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नाही. तुम्ही खरंच विमान वळवलंत, की त्या बिचाऱ्या मुलाला दुसरं काही बोलता आलं नाही? अप्पा, सगळं आयुष्य मी या दोन गोष्टींच्या मध्ये उभी आहे. माणूस अभिमानाने रडतो किंवा नुसता रडतो. मला दोन्ही कधी धड जमलं नाही.

माझ्या लेकीला मात्र मी लहानपणी एकच गोष्ट सांगितली. झोपताना ती पुन्हा पुन्हा मागायची, आजोबांनी गाव कसं वाचवलं ते सांग. दोनदा खरं होतं वगैरे मी कशाला सांगू? पोर मोठी झाली आणि म्हणाली, मला फायटर उडवायचंय. इथल्या मराठी मंडळात गणपतीला एक काकू दरवर्षी माझा हात धरून विचारतात, अगं बाई, एवढी हुशार मुलगी, मेडिकलला का नाही घातलीस. त्यांचे दोन्ही मुलगे कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि दोघांचीही पाठ दुखते, एवढाच त्यांना धोका. मी हसते आणि मोदक वाढायला पुढे सरकते. त्यांना काय सांगू, की मुलीच्या डोक्यात हे मीच भरवलं, तुमच्या फोटोखाली बसून.

गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. ओट्याशी दोघी करंज्यांना मुरड घालत होतो, तेव्हा मी तिला उरलेलं सगळं सांगितलं. मोहरीचं शेत, ते जेवण, आईचं पाणी. तिने हातातली करंजी मुरडून ताटात ठेवली. मग आमची लेक जशी बोलते तशी बोलली, निम्मं इंग्लिश आणि निम्मं माझ्यासाठी.

"आई, त्या टाइमच्या इजेक्शन सीट्स एवढ्या लो अल्टिट्यूडला कामच करायच्या नाहीत. दोन-तीन सेकंद मिळाले असतील फार तर. आता कसं, विमान जमिनीवर उभं असतानासुद्धा सीट पायलटला बाहेर फेकते." ती कणकेचे हात झटकत होती. "बट ही टर्न्ड. आय नो ही डिड. खाली घरं दिसली की हात आपोआप वळतात. मी पण वळवेन."

किती सहज म्हणाली. तुमचं काय झालं याचं उत्तर मला इतक्या वर्षांनी मिळालं, तेही जाणकार माणसाकडून, आणि अप्पा, मला ते नको झालं. सीट आता जमिनीवरूनही सुटते ना, मग सुटावं की आधी. आधी वळवायचं म्हणजे तेच दोन-तीन सेकंद पुन्हा गेले. तुम्ही गाव वाचवलं नसतंत तरी चाललं असतं, असं त्या क्षणी माझ्या मनात आलं. त्या गावातल्या माणसांची क्षमा मागते, पण आलं.

त्याच दिवशी तिने माझ्याकडून वचन घेतलं. तिला एकदा एका वरिष्ठ अधिकाऱ्याबरोबर असंच सांगायला एका घरी जावं लागलं होतं. त्या आईने जाळीचं दार आतून घट्ट धरून ठेवलं आणि तुम्ही आत येऊ नका, एवढंच म्हणत राहिली. ही तिथे उभी होती. "तिथे उभं राहणं इज द वर्स्ट थिंग, आई," ती म्हणाली. "कधी माझ्यासाठी कुणी आलं, तर दार उघड. प्रॉमिस मी. आजीसारखं." मी हो म्हणाले. करंजी फुटली आणि सारण तेलात पसरलं, म्हणून बोलणं तिथेच थांबलं.

शनिवारी मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. दारावरची बेल वाजली. इथे बेललाच कॅमेरा असतो, कोण आलंय ते फोनवर दिसतं. मी हात पुसून फोन उचलला. कॅमेरा उंचावर आहे, त्यात माणूस वरून दिसतो. दोन निळ्या टोप्या दिसल्या, दोन निळे कोट, चकचकीत बूट. वाऱ्यामुळे दोघांनीही माना खाली घातल्या होत्या. दोघं येतात, गणवेशात येतात, फोन न करता येतात. हे सगळं तिने मला समजावून सांगितलेलं होतं, आणि गणवेशाचं तर त्याआधी तुम्ही.

तांब्या ओट्यावरच होता, भरलेला. आईचाच तांब्या, मी तो इतक्या दूर जपून आणलाय. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. आणि मागचं सरकतं दार उघडून बाहेर पडले.

पायवाटेने चालत सुटले. नोव्हेंबरची फरशी तळव्यांना टोचत होती, पण ते मला नंतर कळलं. तळ्यावर बदकं होती, एक बाई बाबागाडी ढकलत समोरून आली, हाय म्हणाली, मीही हाय म्हणाले. डोक्यात एकच होतं, चालत राहायचं, चालते आहे तोवर ती आहे. मला त्या नव्या नवरीची चाल आठवली नाही, ती माझ्या पायांतच आलेली होती. मग मागून हाक आली. "आई!" माझ्या लेकीचा आवाज. अप्पा, मी तो स्पष्ट ऐकला आणि वळले नाही. अशा वेळी तो ऐकू येणारच, असं मला वाटलं. पुन्हा आला, जवळून. मी वेग वाढवला.

कडक बुटांत धावत ती माझ्या पुढे येऊन उभी राहिली. टोपी कुठेतरी पडली होती, अंबाडा सुटला होता, धाप लागली होती. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे.

"आई," ती म्हणाली, "चप्पल नाही घातलीस तू."

मी तिच्या कोटाची बटणं चाचपून पाहिली. सगळी जागेवर होती. मग तिथेच खाली बसले, आणि तीही बसली, इस्त्रीच्या कपड्यांत. तेव्हा मला रडू फुटलं.

झालं होतं ते अगदी साधं. वॉशिंग्टनला एका शंभरीला टेकलेल्या पायलटच्या अंत्यसंस्काराला ती आणि तिचा सहकारी गणवेशात गेले होते. जुन्या काळातला माणूस, तुमच्याही आधी फायटर उडवलेला, आणि रडायला घरचं कुणी उरलेलं नव्हतं, म्हणून हे गेले. तिथून घर जवळ, तर आईला सरप्राइज देऊ, जेवून जाऊ, असा विचार. बेलला ओ येईना आणि आत अलार्म वाजू लागला, म्हणून ती मागच्या दाराशी आली तर मी पायवाटेवर दिसले. आम्ही परतलो तेव्हा घरात धूर कोंडला होता. तो बिचारा सहकारी खुर्चीवर चढून ठणाणा करणाऱ्या अलार्मला टॉवेलने वारा घालत होता. मला बघून तो घाईघाईने खाली उतरला आणि अपराध्यासारखा भिंतीला टेकून उभा राहिला. काय झालंय ते त्याला कळलं होतं. त्यानेही कुठल्या तरी दारात उभं राहून पाहिलं असणार. मी फुलपात्र भरून त्याच्या हातात दिलं. त्याने एका दमात संपवलं.

जेवणं झाली. करपलेल्या दाण्यांची चटणीसुद्धा त्याने मागून घेतली. लेक मला एका शब्दाने बोलली नाही. निघताना गाडीपाशी तिने माझे हात धरले. "आई, यू प्रॉमिस्ड. नेक्स्ट टाइम..." ती म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य काय आहे ते दोघींनाही दिसलं. मी तिची कॉलर सारखी केली, पोचल्यावर मेसेज कर म्हणाले, आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर आत आले.

तेव्हापासून मी विचार करते आहे की मी कुणाची मुलगी. आईने पाणी दिलं. मी तिच्याच पोटची, तिचाच तांब्या माझ्या ओट्यावर, आणि माझे पाय शेवटच्या घरातल्या त्या मुलीचे निघाले. तुम्ही असतात तर रागावला नसतात, एवढं मला माहीत आहे. तुम्ही टोपी काढून मागून चालत आला असतात. पण इथे येणारे दोघं कोण असतील, त्यांना कुणी हे शिकवलं असेल का, की दार उघडलं नाही तर नुसतं उभं राहायचं, मागे जायचं, घाई करायची नाही? आणि आमच्या या गल्लीत कुणाच्या दारावरून काय पुढे गेलं ते कुणाला कळत नाही. मागून चालायला बाहेर येणार कोण?

हे कागद मी तुमच्या फोटोमागे ठेवणार आहे. जाळण्याइतकी नाटकी मी नाही, आणि पाठवायचे तरी कुठे? लेकीचा काल फोन आला होता. पुढच्या आठवड्यात तिचं रोज उड्डाण आहे. मी तिला सांगितलं की आजीचा तांब्या मी पुढच्या दारापाशी टेबलावर भरून ठेवलाय, रोज पाणी बदलते, वचन विसरलेली नाही. तिला बरं वाटलं. ती उडत असते त्या दिवशी मागच्या दाराची कडी काढून ठेवते आणि दाराशी चपलांचा एक जोड ठेवते, हे मी तिला सांगितलेलं नाही.